किरमिजी फितीचं पदक: व्हिक्टोरियाकालीन शिपायाची नोकरी कशी शोधावी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एखाद्या ब्रिटिश शिपायाचा माग काढायचा असेल, तर मी विचारणाऱ्याला एकच सांगतो: लढाईच्या पदकाआधी दीर्घसेवेचं पदक हातात घ्या. लढाईचं पदक पोरसवदा शिपायालाही मिळे. तो बोटीतून उतरला, मोहिमेत हजर राहिला आणि वर्षभरात पटकीने गेला, तरी त्याच्या नावाचं पदक निघे. दीर्घसेवा व सद्वर्तन पदकाचं तसं नाही. त्यासाठी, काळाप्रमाणे, अठरा ते चोवीस वर्षं त्याच लष्कराची चाकरी करावी लागे. पहारे, कवायती, बोटीतले महिने, हिवताप, बरॅकमधली दारू, हे सगळं निभावून नाव शिक्षेच्या वहीपासून लांब ठेवावं लागे.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. १८८३ च्या आधी जे शिपाई पेन्शन घेऊन बाहेर पडले, मुख्यतः त्यांचेच सेवेचे कागद जपले गेले. जो नोकरीत मेला, पळून गेला किंवा मुदत संपताच पेन्शनीविना घरी गेला, त्याचा कागद बहुधा मिळतच नाही. दीर्घसेवेचं पदक मिळवणारा माणूस मात्र पेन्शनीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेला असतो. त्यामुळे हे पदक असलेल्या माणसाचे कागद सापडण्याची शक्यता चांगली असते. बाजारात याच पदकाला सर्वांत कमी भाव येतो आणि लिलावाच्या यादीत एका ओळीत त्याची बोळवण होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी पदक नीट पाहा

पदक चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. चौथ्या विल्यमने ते १८३० साली सुरू केलं. पुढच्या बाजूला मधोमध राजचिन्हाची ढाल आणि तिच्याभोवती शस्त्रं, निशाणं, नगारे यांची रास. मागच्या बाजूला फक्त ‘दीर्घसेवा आणि सद्वर्तनाबद्दल’ या अर्थाचे इंग्रजी शब्द. व्हिक्टोरियाचा चेहरा कुठेच नाही, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. राणीच्या काळचं पदक म्हणजे तिचा मुखवटा असणारच, असं धरून चालतात आणि खरं पदक ‘नंतरचं असेल’ म्हणून बाजूला ठेवतात. तिच्या सबंध कारकिर्दीत लष्कराच्या या पदकावर राजचिन्हच राहिलं. राजाचा मुखवटा आला तो सातव्या एडवर्डच्या वेळी.

विल्यमच्या काळातल्या ढालीच्या मध्यभागी हॅनोव्हरचं छोटं चिन्हही होतं. हॅनोव्हरच्या गादीवर स्त्री बसू शकत नव्हती, म्हणून १८३७ साली ते राज्य व्हिक्टोरियाकडे न येता तिचा काका अर्नेस्ट ऑगस्टस याच्याकडे गेलं आणि पदकावरून ते चिन्ह उतरलं. तेव्हा भिंग लावून ढालीचा मधला भाग तपासा. तिथे आणखी एक छोटी ढाल दिसली तर पदक व्हिक्टोरियाच्या आधीच्या साच्यातलं आहे.

आता वरची कडी. सुरुवातीच्या पदकांना पोलादी चाप आणि साधी कडी असे. १८५५ च्या सुमारास वेलबुट्टीची, फिरणारी चांदीची पट्टी आली. मग मागची अक्षरं पाहा. ती आधी मोठी होती, १८७४ च्या सुमारास लहान झाली. एवढ्या तीन खुणांवरून पदक कोणत्या वीस-पंचवीस वर्षांतलं ते घरबसल्या ठरवता येतं. फितीवर मात्र भरवसा ठेवू नका. मूळ फीत साधी किरमिजी होती, तिच्या कडेला पांढऱ्या रेघा आल्या त्या पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ नंतर. व्हिक्टोरियाकालीन पदकावर पांढऱ्या कडेची फीत असेल तर ती नंतर कुणीतरी बदललेली आहे. त्याने पदक खोटं ठरत नाही. फिती विरतात, घरचे लोक नवी आणून लावतात.

याच्या जवळपास दिसणारी दोन-तीन पदकं वेगळी ओळखा. आरमाराच्या दीर्घसेवा पदकावर जहाज असतं आणि फीत पांढऱ्या कडांची निळी. हौशी स्वयंसेवक दलांसाठी १८९४ साली जे पदक निघालं त्यावर राणीचा मुखवटा आहे आणि फीत हिरवी; ते २० वर्षांच्या स्वयंसेवेचं, बरॅकमध्ये राहून केलेल्या नोकरीचं नव्हे. हिंदी लष्करातल्या देशी शिपायांसाठी १८८८ साली स्वतंत्र पदक सुरू झालं, त्यावर राणीच्या नावापुढे ‘कैसर-ए-हिंद’ लिहिलेलं असतं. त्याचा शोध वेगळ्या दफ्तरांत घ्यावा लागतो, म्हणून इथे तो विषय घेत नाही.

एक कळकळीची विनंती. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका. शंभर-दीडशे वर्षांचा काळा थर खराब दिसत असेल, पण पॉलिशच्या प्रत्येक हाताबरोबर कडेवरची अक्षरं झिजतात, आणि पुढचं सगळं काम त्या अक्षरांवर उभं आहे.

कड वाचणे

पदक उभं धरा, खिडकीतला उजेड तिरपा पडू द्या आणि हळूहळू फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण असा क्रम सहसा मिळतो. सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या, टिंबंसुद्धा. सार्जंट हा शब्द त्या काळी इंग्रजीत ‘जी’ऐवजी ‘जे’ने लिहीत, म्हणून ते अक्षर दिसलं तर ते चुकीचं समजून दुरुस्त करू नका. घोडदळातला साधा स्वारही त्या काळी कागदोपत्री ‘प्रायव्हेट’च असे. ‘ट्रूपर’ हा हुद्दा पहिल्या महायुद्धानंतरचा आहे. तोफखान्यात गनर, ड्रायव्हर, बॉम्बार्डिअर असे हुद्दे येतात आणि पलटणीच्या जागी ब्रिगेडचा किंवा बॅटरीचा आकडा असतो.

कडेवरचा हुद्दा पदक दिलं त्या वेळचा असतो. तो माणूस नंतर वर गेला असेल, आणि खालीही आला असेल.

कुणी जुनं नाव खरवडून नवं कोरलंय का, हेही याच वेळी तपासा. कड कुठे खोलगट लागते का, कानसीच्या बारीक रेघा दिसतात का, व्यास व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापाच्या मोजपट्टीने, मोजला तर एका जागी कमी भरतो का. अक्षरं ठशाची असोत वा कोरलेली, त्यांची खोली सगळीकडे सारखी हवी.

आता नंबर. नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. हा नंबर सबंध लष्कराचा नसून त्या पलटणीचा असे. प्रत्येक पलटण आपले आकडे स्वतः देई, त्यामुळे ‘१२०४’ नंबरचे शिपाई एकाच दिवशी डझनावारी पलटणींत असू शकत. माणूस दुसऱ्या पलटणीत बदलून गेला की त्याला नवा नंबर मिळे. सबंध लष्कराला एकच क्रम आला तो १९२० साली. म्हणून नंबर आणि पलटण नेहमी जोडीने लिहून ठेवा. नुसता नंबर निरुपयोगी आहे, आणि नाव जॉन स्मिथ असेल तर नुसतं नावही तितकंच निरुपयोगी.

उलट, नंबरची घडण कधीकधी भरतीचा काळ सांगून जाते. १८७३ पासून पायदळाच्या पलटणी जोडीने एकेका जिल्हा-डेपोला, म्हणजे भरतीच्या ठाण्याला, बांधल्या गेल्या आणि नव्या रंगरूटांच्या नंबराआधी त्या डेपोची खूण आली. २४ व्या पायदळ पलटणीचा डेपो वेल्समधल्या ब्रेकनला, २५ व्या क्रमांकाचा. त्यामुळे त्या पलटणीत नंतर आलेल्यांच्या नंबराआधी ‘२५ बी’ असं लागतं. जानेवारी १८७९ मध्ये झुलूंच्या वेढ्यात रोर्क्स ड्रिफ्ट लढवणारी हीच पलटण. तिथला कलर-सार्जंट फ्रँक बोर्न डिसेंबर १८७२ मध्ये भरती झालेला, म्हणून त्याचा नंबर २४५९ असा साधा, मागेपुढे काही नाही. त्याच्या हाताखालच्या बऱ्याच पोरांच्या नंबराला मात्र ‘२५ बी’ आहे. एवढ्या एका खुणेवरून कोण जुना आणि कोण नवा हे कळतं.

पलटणीचं नाव आणि १८८१ सालची उलथापालथ

१ जुलै १८८१ रोजी आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या पायदळाच्या बहुतेक पलटणींची नावं बदलली. दोन-दोन पलटणी एकत्र करून त्यांना प्रांतांची नावं दिली. २४ वी झाली साउथ वेल्स बॉर्डरर्स. तिच्या दोन्ही बटालियन, म्हणजे पलटणीतल्या दोन तुकड्या, आधीपासून होत्या, तेव्हा तिला जोडीदार लागला नाही. ४१ वी आणि ६९ वी मिळून वेल्श रेजिमेंट झाली, ४९ वी आणि ६६ वी मिळून बर्कशर. तेव्हा कडेवर आकडा असेल तर पदक साधारण १८८१ आधीचं आणि प्रांताचं नाव असेल तर नंतरचं.

आता वर्षांचा हिशेब मांडता येतो. सुरुवातीला पायदळाला २१ वर्षं आणि घोडदळाला २४ वर्षं सेवा लागत असे. १८७० साली ती १८ वर्षांवर आली. समजा पदकाची अक्षरं लहान आहेत आणि कडेवर ‘वेल्श रेजिमेंट’ आहे. म्हणजे पदक १८८१ ते १९०१ मधलं. त्यातून १८ वजा केले की भरती १८६३ ते १८८३ च्या दरम्यान येते. मात्र १८ वर्षं वयाआधीची सेवा या हिशेबात धरत नसत. चौदाव्या वर्षी ढोलवाला म्हणून लागलेल्या पोराची पहिली चार वर्षं वाया. म्हणून भरतीची शक्यता आणखी चार-पाच वर्षं मागे ताणून ठेवा. पळून जाऊन पुन्हा पकडल्या गेलेल्याची आधीची सेवाही जप्त होई, त्याचं पदक उशिरा येतं.

भरतीचा कायदाही लक्षात असू द्या. १८४७ आधी माणूस जवळपास जन्मभरासाठी बांधला जाई. १८४७ च्या कायद्याने पायदळाला १० आणि घोडदळ-तोफखान्याला १२ वर्षांची पहिली मुदत ठरली. पेन्शन हवी असेल तर पुन्हा सही करून २१ किंवा २४ वर्षं भरायची. १८७० साली युद्धमंत्री कार्डवेल यांच्या सुधारणेत ६ वर्षं पलटणीत आणि ६ वर्षं राखीव दलात अशी पद्धत आली. त्यानंतरच्या काळात ज्याच्या छातीवर हे पदक दिसतं, त्याने घरी परतण्याची वाट मोकळी असताना राहणं पत्करलं आहे. एकदा नव्हे, दोनदा. त्याच्या कागदावरच्या त्या पुन्हा-करारांच्या तारखा मी नेहमी आधी पाहतो.

दफ्तर कुठे आहे

मुख्य साठा लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. युद्धखात्याच्या कागदांना ‘डब्ल्यूओ’ अशी खूण आणि पुढे मालिकेचा आकडा असतो. आपल्या कामाच्या चार-पाचच मालिका आहेत.

डब्ल्यूओ १०२ मध्ये दीर्घसेवा पदकाच्या नोंदवह्या आहेत, १८३१ पासूनच्या. पलटणीकडून शिफारस कधी गेली आणि पदक कधी मंजूर झालं, ते इथे मिळतं. तारीख हाती आली की वरचा सगळा अंदाज एका वर्षावर येऊन बसतो.

डब्ल्यूओ ९७ म्हणजे लंडनमधल्या चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलमार्फत पेन्शन मिळालेल्यांचे सेवेचे कागद. शिपायांच्या पेन्शनींचा कारभार हीच संस्था पाही. खरा खजिना हाच. १८७२ पर्यंतचे कागद पलटणवार लावलेले आहेत. १८७३ ते १८८२ चे पायदळ, घोडदळ, तोफखाना अशा दलांप्रमाणे. १८८३ पासून सगळे एकत्र, आडनावाच्या क्रमाने, आणि त्यात पेन्शन न घेता मुदत संपवून गेलेलेही येतात. हे कागद ‘फाइंडमायपास्ट’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, पण त्याला वर्गणी पडते. क्यूला प्रत्यक्ष गेलात तर वाचकपत्र फुकट मिळतं. शोधताना आडनावाची तीन-चार स्पेलिंगं घालून पाहा. भरतीच्या टेबलाशी बसलेल्या सार्जंटने कानाला ऐकू आलं ते लिहिलं आहे, आणि आयरिश आडनावांचं तर काही विचारू नका.

कागद हातात आल्यावर

घाई करू नका. बहुतेक जण मोहिमा आणि पदकं टिपतात आणि फाइल बंद करतात. माझं म्हणणं उलट आहे: मोहिमा शेवटी वाचा.

पहिलं पान भरतीचं. गाव, परगणा, वय, धंदा. मजूर, विणकर, चांभार, शेतगडी, असं काहीतरी. मग अंगावरच्या खुणा. मी पाहिलेल्या एका कागदात उंची ५ फूट ५½ इंच, डोळे राखाडी, उजव्या मनगटावर नांगराचं गोंदण आणि डाव्या पोटरीवर भाजल्याचा व्रण एवढं लिहिलं होतं. त्या माणसाचा एकही फोटो कुठे नाही. तो समोर आला तर ओळखता येईल एवढं त्या चार ओळींनी दिलं.

मग सेवेचा तक्ता येतो: कोणत्या तारखेला कोणता हुद्दा. इथे बोट ठेवून एकेक ओळ वाचा. कॉर्पोरल झाला, आठ महिन्यांनी पुन्हा प्रायव्हेट, दोन वर्षांनी पुन्हा कॉर्पोरल. मधल्या ओळीत कोर्टमार्शल असेल, कोठडीचे दिवस असतील, आणि ते दिवस सेवेतून वजा केलेले असतील. ‘सद्वर्तन’ म्हणजे हा माणूस जन्मजात साधू होता असा अर्थ काढू नका. सुरुवातीची चार-सहा वर्षं वांड असलेला, मग सावरलेला आणि पुढे कधी न घसरलेला असा शिपाई या कागदांत वारंवार भेटतो. मला तोच सगळ्यात जास्त आवडतो.

सद्वर्तनाचे पट्टे हा त्यातला सर्वांत बोलका भाग. १८३६ साली ही पद्धत आली. ठरावीक वर्षं शिक्षेच्या वहीत नाव गेलं नाही की बाहीच्या खालच्या भागावर टोक वर केलेला एक पट्टा आणि दिवसाला एक पेनी जादा. शिपायाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग, म्हणजे १२ पेन्स, आणि त्यातूनही खाण्याचे, धुण्याचे, डागडुजीचे पैसे कापले जात. अशा पगारात एक पेनी ही खरी कमाई होती. किती वर्षांनी कितवा पट्टा, हे दर काही वर्षांनी बदलत गेलं. १८६० पासून ३, ८, १३, १८, २३ आणि २८ वर्षं होती. पुढे पहिले तीन पट्टे २, ६ आणि १२ वर्षांवर आले. गुन्हा केला की पट्टा जाई, पेनीही जाई. मिळाले आणि गेले त्या तारखा एका कागदावर ओळीने मांडून पाहा. कोणत्या छावणीत, कोणत्या वर्षी हा माणूस घसरला आणि कधी उभा राहिला, ते समोर दिसतं.

सार्जंटला हे पट्टे नसत. म्हणून त्याच्या निवृत्तीच्या कागदावर एक ठरलेलं वाक्य येतं: याला बढती मिळाली नसती, तर आज याच्याकडे पाच सद्वर्तनाचे पट्टे असते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्याचा उलगडा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की निवृत्तीचे कागद तपासणाऱ्या मंडळाने त्याच्या स्वच्छ वर्षांची मोजदाद केली आणि ती कागदावर आणली. त्याच्याच आसपास ‘पलटणीच्या अपराध-वहीत इतक्या वेळा नाव, कोर्टमार्शल इतक्या वेळा’ अशी ओळ असते. आकडा शून्य असेल तर थोडं थांबा. वीस वर्षं, शेकडो माणसांच्या बरॅकमध्ये, उशिरा परतणं नाही, मळका कमरपट्टा नाही, उलट उत्तर नाही. असा शून्य फार क्वचित दिसतो.

वैद्यकीय पान असेल तर तेही वाचा, आणि वाचताना माणसाची अब्रू सांभाळा. हिवताप, आमांश, उष्माघात, गुप्तरोग, सगळं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. इस्पितळात गेल्याची तारीख आणि गाव यावरून पलटण त्या दिवशी कुठे होती हेही पक्कं होतं. गावांची नावं मराठी वाचकाला पटकन उमगतील: ‘किरकी’ म्हणजे खडकी, ‘म्हाऊ’ म्हणजे महू, ‘उंबाला’ म्हणजे अंबाला.

शेवटी, निवृत्तीनंतर कुठे राहणार ते गाव. हे टिपून ठेवा, पुढे लागेल.

मोकळ्या जागा भरणे

डब्ल्यूओ ९७ मधून वर्षं आणि देश कळतात, पण महिने कळत नाहीत. त्यासाठी पलटणीचे हजेरी-पगारपट आहेत. डब्ल्यूओ १२ मध्ये साधारण १८७८ पर्यंतचे, पुढचे १८९८ पर्यंत डब्ल्यूओ १६ मध्ये. दर तिमाहीला प्रत्येक शिपायाची एक ओळ: कुठे होता, इस्पितळात, रजेवर की कोठडीत. काम किचकट आहे, जाडजूड बाडं उलटावी लागतात, पण एका माणसाची वीस वर्षं तीन-तीन महिन्यांनी पाहायला मिळावीत असं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. १८६८ ते १८८३ च्या दरम्यानच्या पटांना लग्नाच्या याद्याही जोडलेल्या आहेत. पलटणीच्या परवानगीने लग्न केलेल्याचीच बायको ‘पटावर’ धरली जाई. तिला बरॅकमध्ये जागा मिळे, धुण्याचं काम मिळे. परवानगीविना लग्न केलेल्याची बायको कागदाला माहीतच नाही.

तिचा माग जनगणनेत लागतो. निवृत्त शिपायाचं घर १८७१, १८८१ किंवा १८९१ च्या गणनेत शोधा आणि मुलांच्या जन्मगावांचा रकाना पाहा. थोरली माल्टात, मधला डब्लिनमध्ये, धाकटी मीरतमध्ये. मुलांची वयं आणि गावं ओळीने मांडलीत की बापाच्या पलटणीचा प्रवास उभा राहतो. डब्ल्यूओचा एकही कागद न मिळता मी अशा रीतीने पलटण ओळखलेली आहे.

लढाईच्या पदकांच्या याद्या डब्ल्यूओ १०० मध्ये आहेत. त्यात पदकाच्या फितीवरच्या, लढाईचं नाव असलेल्या पट्ट्या पाहा: क्रिमियाच्या पदकावर आल्मा, बालाक्लावा, इंकरमन, सेव्हास्तोपोल, १८५७ च्या उठावाच्या पदकावर दिल्ली, लखनौ, मध्य हिंदुस्थान.

या शेवटच्या पट्टीपाशी मला थांबावंच लागतं. ‘मध्य हिंदुस्थान’ची पट्टी म्हणजे सर ह्यू रोझ यांची मोहीम, आणि त्यात ३ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या तटावर चढलेली ८६ वी पलटण आणि ईस्ट इंडिया कंपनीची तिसरी मुंबई युरोपियन पलटण. ही दुसरी पलटण १८६२ साली राणीच्या लष्करात १०९ वी म्हणून आली आणि १८८१ साली लिन्स्टर रेजिमेंटमध्ये मिसळली. म्हणजे लिन्स्टरच्या एखाद्या जुन्या शिपायाचा माग मुंबई इलाख्यातल्या कंपनीच्या दफ्तरात निघू शकतो, आणि त्यासाठी क्यू सोडून ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद पाहावे लागतात. शोधाच्या दृष्टीने हा मोठा धडा आहे. पण तेवढंच म्हणून पुढे जाणं मला जमत नाही. झाशी पडल्यावर शहरातल्या रहिवाशांची कत्तल झाली, घरं लुटली गेली. त्यातलं काही कुणाच्या अपराध-वहीत आढळायचं नाही. वहीत लिहिलं जाई ते पलटणीच्या शिस्तीविरुद्ध केलेलं. सद्वर्तनाचा शिक्का पलटणीच्या मापाने मारलेला आहे, हे अशा माणसाचं चरित्र लिहिताना स्वच्छ शब्दांत लिहा. त्याची वीस वर्षांची चिकाटीही लिहा. दोन्ही त्याचंच आहे.

कागद सापडलाच नाही तर

तीन शक्यता तपासा. तो नोकरीतच वारला असेल. तेव्हा हजेरीपटात त्याच्या शेवटच्या तिमाहीची ओळ पाहा, तिथे मृत्यूची तारीख आणि जागा मिळते. त्याने खोट्या नावाने भरती केली असेल. काही कागदांवर ‘उर्फ’ करून दोन्ही नावं दिलेली असतात, तेव्हा घरातल्या परंपरेतलं दुसरं आडनाव, विशेषतः आईचं माहेरचं, घालून बघा. किंवा त्याला अधिकारीपद मिळालं असेल. शिपायातून अधिकारी झालेले थोडे, पण होते. वर सांगितलेला बोर्न १८९० साली क्वार्टरमास्टर होऊन अधिकाऱ्यांत गेला. अशांची पुढची नोकरी अधिकाऱ्यांच्या याद्यांत शोधावी लागते.

आयरिश माणूस असेल तर चेल्सीबरोबर डब्लिनच्या किलमेनहॅम रुग्णालयाच्या नोंदीही पाहा, डब्ल्यूओ ११८ आणि ११९. ‘चेल्सी पेन्शनर’ हा शब्द वाचून माणूस लाल कोट घालून चेल्सीत राहत होता असं समजू नका. बहुतेक जण आपापल्या गावी राहून पेन्शन घेत. कुणी तुरुंगाचा पहारेकरी, कुणी शाळेचा शिपाई, कुणी १८५९ साली कॅप्टन एडवर्ड वॉल्टर यांनी निवृत्त शिपायांसाठी सुरू केलेल्या कमिशनेअर दलात दारवान. निवृत्तीच्या कागदावरचं ते राहण्याचं गाव इथे कामी येतं. त्या गावची पुढची जनगणना आणि पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, दफनाच्या नोंदी एवढं पाहिलं की शेवटची वर्षंही हाती लागतात.

जे मिळालं त्याची एक टाचणवही करा. प्रत्येक नोंदीशेजारी मालिका, आकडा आणि पान लिहा, आणि तुमचा अंदाज वेगळ्या रंगाच्या शाईने. पदक पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, रबरबँड तर मुळीच लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आम्लरहित कागदात गुंडाळा, कोरड्या डबीत ठेवा, आणि टाचणवहीची एक प्रत त्याच डबीबरोबर राहू द्या. पदक विकलं किंवा कुणाला दिलं, तर ती प्रत पदकाबरोबर द्या.